एका मुलामागे एक माणूस

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूरचा चौक लागतो. २००८ पासून या रस्त्याचे अधिकृत नाव राजीव गांधी सालै असे झाले असले, तरी लोकांच्या तोंडी 'ओएमआर' हेच नाव रुळले आहे. एके काळी भाताची खाचरे, तळी आणि बकिंगहॅम कालवा एवढीच ओळख असलेले हे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत आले आणि महापालिकेच्या पंधराव्या विभागाला त्याचेच नाव मिळाले. आज देशातील नामवंत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती येथे रांगेने उभ्या आहेत. पुण्या-नागपुरातून नोकरीसाठी आलेली मराठी मुले-मुलीही त्यांत आहेत आणि बदलीवर आलेले बँक अधिकारीही आहेत.

संध्याकाळी या चौकात उभे राहणाऱ्यास एकाच वेळी दोन चेन्नई दिसतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुण कंपनीच्या बसची वाट पाहत असतात. आणि त्याच इमारतींतील सफाईचे, उपाहारगृहाचे, पहाऱ्याचे काम आटोपून निघालेल्या बायका-पुरुषांची पावले शहर बसकडे वळलेली असतात. त्यांतील अनेकांची घरे कण्णगी नगर, सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम या वसाहतींत आहेत. दोन्ही गटांच्या घरी मुले आहेत. एका घरातील मुलास शिकवणी, छंदवर्ग, समुपदेशक, परदेशस्थ मामा आणि अभियंता काका असे सर्व काही उपलब्ध आहे. दुसऱ्या घरातील मुलास यांतील एकही माणूस नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच अभाव आहे. हा अभाव पैशाचा नाही. मुलाकडे लक्ष देणाऱ्या, पण त्याच्या घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाचा आहे.

पत्त्याचे ओझे

कूवम, अडयार या नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठांवरील झोपडपट्ट्या हलवून तेथील कुटुंबांना शहराच्या टोकाला घरे देण्याचे धोरण तमिळनाडूत दीर्घकाळ राबवले गेले. त्यातून इ.स. २००० च्या सुमारास कण्णगी नगर उभे राहिले. तेथे १५ हजारांहून अधिक घरे आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर सेम्मंचेरीत आपद्ग्रस्तांची आणि विस्थापितांची वसाहत झाली. पुढे पेरुंबाक्कमला आठ मजली इमारतींची अफाट वसाहत उभारण्यात आली आणि २०१५ च्या डिसेंबरातील महापुरानंतर अडयारच्या काठावरील अनेक कुटुंबे तेथे आली. जुन्या वस्तीपासून ही ठिकाणे वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहेत. डोक्यावर पक्के छत आले, हे खरेच. परंतु मोलकरणीचे काम, हातगाडी, शाळा, शेजार आणि आजी-आजोबा मागेच राहिले.

मोठ्या माणसांना याचा जेवढा फटका बसतो, त्याहून अधिक तो वाढत्या वयाच्या मुलांना बसतो. वर्षाच्या मध्यावर शाळा सुटते. आई-वडील कामासाठी पहाटे निघून रात्री परततात. दिवसभर इमारतीच्या जिन्यात आणि मैदानात मुलांचीच सत्ता असते. त्यातच दारू, गुटखा, गांजा हाताशी असतो आणि चार पैसे देऊन चिठ्ठी किंवा पुडी पोहोचवायला सांगणारे 'दादा'ही भेटतात. बालविवाह आणि शाळागळती ही मुलींची संकटे वेगळीच. या सर्वांवर कडी करते ती पत्त्याची बदनामी. कण्णगी नगरचा पत्ता सांगितला की नोकरी देणाऱ्याचा चेहरा बदलतो, ही तक्रार तेथील तरुण वर्षानुवर्षे करीत आले आहेत. 'शिलप्पदिकारम्' या प्राचीन तमिळ महाकाव्यात पांड्य राजाच्या दरबारात जाऊन न्याय मागणारी कण्णगी ही नायिका आहे. तिचे नाव धारण करणाऱ्या वसाहतीतील मुलांना आपला पत्ता लपवावा लागावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

ही कहाणी केवळ चेन्नईची नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील सावदा घेवरा, चेन्नईतील कण्णगी नगर आणि मुंबईतील वाशी नाका या तीन पुनर्वसन वसाहतींचा एकत्र विचार करण्यात आला होता. तेव्हा मराठी वाचकाने शोळिंगनल्लूरकडे परका प्रांत म्हणून पाहण्याचे कारण नाही.

चर्नी रोडच्या बागेतील गृहस्थ

अशा मुलाच्या आयुष्यात घराबाहेरचा एक प्रौढ माणूस नियमितपणे आला, तर काय घडू शकते? याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण मराठी मुलखातच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या चाळीत, एका खोलीत मोठे कुटुंब राहत होते. त्या दाटीत अभ्यास अशक्य, म्हणून त्या घरातील एक शाळकरी मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळूसकर हे शिक्षक व लेखक येत असत. रोज पुस्तकात डोके खुपसून बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली आणि काय वाचावे हे सांगितले. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा भरलेल्या सत्कार सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणाची वाट पैशाअभावी अडली, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्याचे नाव नेण्यात केळूसकरच पुढे होते. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांची प्रज्ञा आणि जिद्द त्यांची स्वतःची होती. तिचे श्रेय दुसऱ्या कोणासही देता येणार नाही. रामजी सुभेदारांसारखा मुलाच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करणारा पिताही त्यांना लाभला होता. तरीही केळूसकर गुरुजींनी जे केले, ते वडिलांना करता आले नसते. वडिलांना राजदरबारची वाट ठाऊक नव्हती. गुरुजींना ती ठाऊक होती. आणि मुख्य म्हणजे, गुरुजींनी त्या मुलाला एकदा बक्षीस देऊन निरोप दिला नाही. पुढची दारेही उघडून दिली. मार्गदर्शक-मित्र, ज्यास आता सर्रास 'मेंटॉर' म्हटले जाते, त्याचे काम याहून वेगळे नाही.

महाराष्ट्राला हा संस्कार नवा नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याची आस्थेने चौकशी करणाऱ्या घरांनी अनेक गरीब मुलांना उभे केले. मात्र त्या घरांची दारे ठरावीक जातींपुरतीच उघडी असत, हेही विसरता कामा नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली, तेव्हा हा आधार खऱ्या अर्थाने रुंदावला.

पडताळा काय सांगतो?

पूर्वी जे योगायोगाने घडे, ते योजनापूर्वक घडवता येईल का, हा प्रश्न गेली शंभर-सव्वाशे वर्षे जगभर हाताळला जात आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातील अर्नेस्ट कूल्टर नावाच्या कारकुनाने, न्यायालयात रोज उभी केली जाणारी मुले पाहून अस्वस्थ होऊन, एका सभेतील गृहस्थांना आवाहन केले : प्रत्येकाने एका मुलाशी मैत्री करावी. सुमारे चाळीस जण पुढे आले. त्यातून 'बिग ब्रदर्स' ही चळवळ वाढली आणि पुढे मुलींसाठीच्या तशाच कार्याशी जोडली गेली.

या चळवळीची काटेकोर परीक्षा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने घेतली. दहा ते सोळा वयाच्या ९५९ मुलामुलींपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींना लगेच मार्गदर्शक देण्यात आला आणि बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत ठेवण्यात आले. दीड वर्षानंतर तुलना केली, तेव्हा मार्गदर्शक लाभलेल्या मुलांत अमली पदार्थांना प्रथम स्पर्श करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारूचे २७ टक्क्यांनी कमी आढळले. शाळेला दांडी मारण्याचे दिवसही निम्म्याने घटले होते. लक्षणीय गोष्ट अशी की, हे मार्गदर्शक व्यसनमुक्तीवर व्याख्याने देत नव्हते. ते महिन्यातून साधारण तीन वेळा भेटत, मुलाबरोबर काही तास घालवीत, खेळत, फिरत आणि ऐकत. एवढेच.

जर्मनीतील दहा शहरांत ३०८ किशोरवयीनांवर झालेला आणि २०२१ मध्ये मांडला गेलेला अभ्यास आणखी एक गोष्ट दाखवतो. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी शाळकरी मुलांना वर्षभर साथ दिली, तेव्हा वंचित घरांतील मुलांचे गणिताचे गुण, संयम आणि पुढील उद्योगाविषयीची जाण यांत स्पष्ट सुधारणा झाली. सुस्थितीतील मुलांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्या घरी काका-मामा आहेत, त्यास आणखी एका काकाची गरज नसते.

भारतातही हे काम रुजत आहे. अरुंधुती गुप्ता यांनी २००९ साली बंगळुरूत स्थापन केलेली 'मेंटॉर टुगेदर' ही संस्था वंचित तरुणांना एकास एक मार्गदर्शक मिळवून देते. शोळिंगनल्लूरच्या परिसरात याचे घरगुती रूपही पाहावयास मिळते. २०२५ च्या ऑक्टोबरात बहरीन येथे झालेल्या आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत भारतीय मुलींच्या कबड्डी संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघात कण्णगी नगरची एक कन्या होती. बदनाम झालेला तो पत्ता त्या दिवशी वृत्तपत्रांत अभिमानाने छापला गेला. तिच्यामागे तिच्या घामाइतकीच एका प्रशिक्षकाची मेहनत होती. प्रशिक्षक म्हणजे तरी दुसरे काय? रोज ठरल्या वेळी मैदानावर येणारा आणि एखादी मुलगी आली नाही, तर ती का आली नाही हे विचारणारा माणूस.

मुदतीपूर्वी मोडलेली ठेव

येथपर्यंतचे वाचून एखाद्यास वाटेल की, चला, येत्या रविवारी वस्तीत जाऊन एखादे मूल 'दत्तक' घेऊ या. नेमका येथेच धोका आहे; आणि या लेखाचा आग्रहही याच मुद्द्यावर आहे. मैत्रीचे हे काम अर्धवट सोडण्यापेक्षा सुरू न केलेले बरे.

हे केवळ मत नाही. २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी हजारांहून अधिक किशोरवयीनांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची मैत्री वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकली, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. काळ जसजसा कमी, तसतसा लाभही कमी. आणि ज्यांची मैत्री तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्या मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास पूर्वीपेक्षाही खालावला. कारण समजण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या मुलास वडील सोडून गेले, शाळा सोडावी लागली, वस्ती सोडावी लागली, त्यास आणखी एक माणूस सोडून गेला, तर ते मूल मनाशी एकच निष्कर्ष काढते : दोष आपल्यातच असला पाहिजे.

बँकेच्या ग्राहकास ही गोष्ट आवर्ती ठेवीच्या उदाहरणाने पटेल. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरे. परंतु हप्ते चुकत गेले आणि ठेव मुदतीपूर्वी मोडली, तर अपेक्षित व्याज हाती येत नाही. फरक एवढाच की, बँकेत निदान मुद्दल तरी सुरक्षित राहते. मुलाच्या मनात गुंतवलेल्या विश्वासाचे तसे नाही. तेथे मुद्दलही बुडते.

हेतू चांगला असला की सारे चांगलेच होते, हाही भ्रम आहे. अमेरिकेतील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ या काळात ५०६ मुलांचा एक प्रकल्प झाला. त्यांतील निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही देण्यात आले. तीस वर्षांनंतर जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत मदत न मिळालेल्यांहून वाईट निघाली. पुढील विश्लेषणात असे दिसले की, हा अपाय प्रामुख्याने वारंवार उन्हाळी शिबिरांना गेलेल्या मुलांत आढळत होता. बिघडण्याच्या वाटेवरील मुले एकत्र ठेवली की ती एकमेकांकडूनच शिकतात. म्हणूनच अशा मुलांचा घोळका जमवून भाषणे देण्यापेक्षा एका मुलामागे एक माणूस, ही रचना अधिक सुरक्षित ठरते.

वृत्तीचा प्रश्नही आहेच. मार्गदर्शक आणि मुले यांच्या ८२ जोड्यांचा जवळून अभ्यास झाला, तेव्हा मुलास 'सुधारण्याच्या' इराद्याने आलेल्यांची मैत्री लवकर विस्कटलेली दिसली. आज काय करावयाचे हे मुलाशी बोलून ठरवणाऱ्यांची मैत्री मात्र टिकली. 'पी हळद आणि हो गोरी' या वृत्तीच्या माणसाने या वाटेस जाऊ नये. पहिले तीन-चार महिने मूल नीट बोलणारही नाही. ते मुद्दाम उशिरा येईल, कधी येणारच नाही, आणि पाहुणा पुढच्या शनिवारी पुन्हा येतो की नाही, याची परीक्षा घेईल. त्या परीक्षेत नापास होणाऱ्यास पुरवणी परीक्षा नसते.

सुरक्षिततेची कुंपणे

अपरिचित प्रौढास आणि मुलास एकत्र आणणे हे जोखमीचे काम आहे, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे. दिल्ली सरकारने २०२१ च्या ऑक्टोबरात 'देश के मेंटॉर' ही योजना सुरू केली. तीत सरकारी शाळांतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना स्वयंसेवकांनी फोनवरून मार्गदर्शन करावयाचे होते. कल्पना स्तुत्य होती. तथापि काही महिन्यांतच राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित करून ती स्थगित ठेवण्यास सांगितले. त्या वादात राजकारणही मिसळले असेल. परंतु प्रश्न खरा होता.

म्हणून कोणत्याही चांगल्या उपक्रमात काही नियम अटळ मानले पाहिजेत. स्वयंसेवकाची पोलिसांकडून पडताळणी व्हावी आणि परिचितांकडून चौकशी व्हावी. भेट शाळा, वाचनालय, मैदान अशा चारचौघांच्या दृष्टीपुढील जागीच व्हावी. आई-वडिलांची संमती असावी आणि त्यांना प्रत्येक भेटीची माहिती असावी. दर महिन्याला एका प्रशिक्षित कार्यकर्त्याने मुलाशी आणि मार्गदर्शकाशी स्वतंत्रपणे बोलावे. पैसे, महागड्या भेटवस्तू आणि मुलाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे, या तिन्हींस सक्त मनाई असावी. मुलाने काही गंभीर सांगितले, तर १०९८ या बालमदत क्रमांकाची आणि २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यातील कर्तव्याची माहिती प्रत्येकास असावी. बँकेत साधे खाते उघडताना 'केवायसी'चे कागद तपासले जातात. मग मुलाच्या आयुष्याचे दार उघडताना ओळख तपासली, तर त्यात कोणाचा अपमान होण्याचे कारण नाही.

एक गंभीर आक्षेप

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आधी कुटुंबांना शहराबाहेर टाकावयाचे, शाळा अपुऱ्या, बस अपुऱ्या, रोजगार दूर. आणि मग मुलास आठवड्यातून तासभराचा मित्र द्यायचा, ही जखमेवरील मलमपट्टीच नव्हे काय? होय, असे होऊ शकते. मार्गदर्शक-मित्र हा शाळेचा, रोजगाराचा वा न्यायाचा पर्याय नाही. तो तसा आहे असे भासवणाऱ्या योजनेस विरोधच केला पाहिजे.

परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. धोरणे बदलण्यास दहा वर्षे लागतात. चौदा वर्षांचा मुलगा मात्र चार वर्षांत अठरा वर्षांचा होतो. त्याने थांबावे असे त्यास सांगता येत नाही. शिवाय ज्या योजना अस्तित्वात आहेत, त्यांच्यापर्यंतही हे मूल एकट्याने पोहोचत नाही. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये पात्र बालकास दरमहा चार हजार रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे. तमिळनाडूत सरकारी शाळेत शिकून उच्च शिक्षणास जाणाऱ्या मुलींसाठी २०२२ पासून दरमहा हजार रुपयांची 'पुदुमै पेण' योजना आहे. शैक्षणिक कर्जाच्या योजना तर प्रत्येक सरकारी बँकेत आहेत. पण दाखला कोठे मिळतो, अर्जाची अंतिम तारीख कोणती, नाकारला गेला तर दाद कोणाकडे मागावयाची, हे सांगणारे घरी कोणी नसेल, तर योजना कागदावरच राहते. आणि वस्तीत दर आठवड्याला जाणारा बँक अधिकारी किंवा अभियंता तेथील तुंबलेली गटारे आणि न येणारी बस स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर तो त्या वस्तीविषयी पूर्वीसारखा बोलू शकत नाही. या मैत्रीचा परिणाम एकाच बाजूवर होतो, असे नाही.

बँकेच्या माणसास काय करता येईल?

आता या नियतकालिकाच्या वाचकांशी थेट निगडित असलेला प्रश्न. बँकेचा कर्मचारी आणि ग्राहक यात काय भर घालू शकतो?

पहिली गोष्ट म्हणजे बदलीचा हिशेब. राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्याची दर तीन-चार वर्षांनी बदली होते आणि म्हणून आपण असल्या कामास अपात्र आहोत, असे अनेकांस वाटते. वस्तुतः नव्या गावी रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हे काम पत्करले, तर नववीतील मूल दहावीची परीक्षा देईपर्यंत साथ देता येते. मात्र ज्याची बदली सहा महिन्यांवर आली आहे, त्याने मोह टाळावा. निवृत्त कर्मचारी तर याहून योग्य. तीस-पस्तीस वर्षे काउंटरवर बसून त्यांनी माणसे वाचलेली असतात आणि शनिवारची सकाळ त्यांच्या हाती असते.

दुसरी गोष्ट भाषेची. शोळिंगनल्लूरमध्ये आलेल्या मराठी माणसास तमिळ येत नसेल, तर त्याने मुलाशी इंग्रजीत बोलून त्याला लाजवू नये. त्याऐवजी त्या मुलाकडूनच तमिळ शिकण्यास आरंभ करावा. ज्यास सर्वांनी 'तुला काही येत नाही' असे सांगितले, त्याच मुलास एका साहेबाचे गुरुपद मिळाले, तर त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होईल. शिवाय दोन्ही भाषांत 'अण्णा' आणि 'अक्का' हे शब्द समान आहेत. नात्याचे पहिले शब्द जेथे सारखे आहेत, तेथे पुढची वाक्ये जुळण्यास वेळ लागत नाही. ज्यास तमिळ जमणार नाही, त्याने वस्तीतीलच महाविद्यालयीन तरुणांना साहाय्य करावे. लहानग्यांचे मार्गदर्शक होण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना तर हे निमित्तही नाही. वाशी नाका मुंबईतच आहे.

तिसरी गोष्ट व्यवसायातील ज्ञानाची. दहा वर्षांवरील मुलास बँकेच्या अटींच्या अधीन राहून स्वतःच्या नावे बचत खाते उघडता व चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ही मुभा दिली आणि २०२५ मध्ये त्याविषयीचे निर्देश नव्याने दिले. मुलास बँकेत नेऊन त्याच्याच हाताने पैसे भरण्याची पावती लिहून घेणे, पासबुकावर त्याचे नाव छापलेले त्यास दाखवणे, यात उपदेशाचा एक शब्दही नाही. परंतु ज्या पत्त्यामुळे नोकरी नाकारली जाते, तोच पत्ता बँकेने स्वीकारून नोंदवला, ही गोष्ट त्या मुलास बरेच काही सांगून जाते.

संस्था म्हणून बँकेनेही एक पथ्य पाळावे. सामाजिक बांधिलकीच्या नावाखाली एका दिवसात शंभर दप्तरे वाटून छायाचित्रे काढणे सोपे असते. त्याऐवजी एका शाखेने पाचच मुले निवडावीत, विश्वासार्ह स्थानिक संस्थेशी करार करावा आणि पाच कर्मचाऱ्यांना वर्षभर आठवड्यातून दोन तासांची मोकळीक द्यावी. अहवालात आकडा लहान दिसेल. पण त्या पाचांपैकी किती जण वर्षअखेर शाळेत आहेत, हे नावानिशी सांगता येईल. शंभर दप्तरांचे पुढे काय झाले, हे कोणास सांगता येते?

जामीनदार

कर्जाच्या अर्जावर जामीनदाराची सही लागते, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे. जामीनदार कर्जदाराचे कर्ज स्वतः घेत नाही, त्याचा व्यवसायही करत नाही. 'हा माणूस मला माहीत आहे,' एवढेच तो सांगतो आणि त्या शब्दाची किंमत मोजण्याची तयारी ठेवतो. परळच्या चाळीतील एका मुलासाठी केळूसकर गुरुजींनी तेच केले होते.

शोळिंगनल्लूरच्या चौकापासून काही मैलांच्या आत आज हजारो मुले वाढत आहेत. त्यांना उपदेश करणारे, त्यांच्यावर नजर ठेवणारे आणि त्यांना खाऊ वाटणारे पुष्कळ आहेत. 'हा मुलगा मला माहीत आहे,' असे म्हणणारे फार थोडे आहेत. ज्यास ती सही करावयाची असेल, त्याने घाई करू नये. पुढील बारा महिन्यांचे शनिवार दिनदर्शिकेवर मोजावेत, घरच्यांशी बोलावे आणि मनाची खात्री पटली, तरच एखाद्या चांगल्या संस्थेच्या दारी जावे. एकदा नाव दिले की मात्र, पाऊस असो वा परीक्षण, शनिवारी ठरल्या वेळी तेथे हजर असावे. तेथे कोणीतरी त्याची वाट पाहत असेल आणि तो येतो की नाही, हे मोजतही असेल.